दिसलेल्या उवा आणि न दिसलेली खरूज

माझ्याकडे दोन गिनीपिग माद्या आहेत, एक काळी आणि एक बदामी. काळी खांदा खाजवताना पहिल्यांदा दिसली तेव्हा मला त्यात वावगे काही वाटले नाही, कारण हे प्राणी दिवसातून अनेकदा अंग चाटत, खाजवत स्वतःला स्वच्छ ठेवतात. चार दिवसांनी मात्र ती तोंडातले गवत अर्धवट टाकून खाजवू लागली, तेव्हा तिला मांडीवर घेऊन दिव्याखाली कानामागचे केस हलकी फुंकर मारून बाजूला केले. तिथे फिकट पिवळसर, लांबट किडे केसांतून पळत होते आणि केसांना लिखा चिकटल्या होत्या.

त्या उवा होत्या. गिनीपिगच्या उवा माणसाच्या अंगावर वस्ती करत नाहीत, हे वाचून मला हायसे वाटले आणि कोणालाही न विचारता मी कीटकनाशक पावडर आणून दोघींच्या अंगाला चोळली. आठवड्याभरात उवा दिसेनाशा झाल्या, पण काळीची खाज वाढतच गेली. खांद्यांवरचे आणि पाठीवरचे केस झडले, कातडी जाड होऊन तिच्यावर पिवळट खपल्या धरल्या आणि हात लावताच ती किंचाळू लागली. एका रात्री खाजवता खाजवता ती कुशीवर कोसळली, चारही पाय ताठ करून झटके देऊ लागली. तो प्रकार मिनिटभरच चालला असेल, पण तोवर मी तिच्या आजाराला किती हलके लेखले होते, हे मला त्या मिनिटात कळले.

सकाळी आम्ही लहान प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांकडे गेलो. त्यांनी आधी वजन केले. महिन्यापूर्वी ८२० ग्रॅम असलेली काळी ७४० ग्रॅमवर आली होती. मग केसांवर चिकटपट्टी दाबून ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर लिखा अजून होत्याच. खपलीच्या कडेची कातडी खरवडून केलेल्या पहिल्या स्लाइडवर काहीच सापडले नाही, दुसऱ्या ठिकाणच्या स्लाइडवर मात्र आखूड पायांचा, गोलसर माइट सापडला. हा खरजेचा किडा ट्रिक्सॅकॅरस केव्हिई या नावाने ओळखला जातो. उवा केसांत राहतात, तर हा माइट कातडीच्या आत बोगदे करून तिथेच अंडी घालतो, म्हणून वरून चोळलेली पावडर त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. डोळ्यांना दिसणाऱ्या उवांचा बंदोबस्त करण्यात मी दहा दिवस घालवले होते आणि तेवढ्या काळात न दिसणारा किडा कातडीत पसरत गेला होता. झटके येण्याचे कारणही असह्य खाज हेच होते, असे डॉक्टरांनी सांगितले. स्लाइडवर माइट सापडला नसता तरी लक्षणे पाहून त्यांनी हाच उपचार सुरू केला असता, कारण खरजेत एखादी स्लाइड रिकामी निघणे नेहमीचे आहे. बुरशीमुळे होणाऱ्या गजकर्णाची शंका फेडण्यासाठी त्यांनी थोडे केसही उपटून तपासायला ठेवले.

उपचार आयव्हरमेक्टिनच्या इंजेक्शनचा होता. त्याची मात्रा साधारणपणे किलोमागे ०.२ ते ०.४ मिलिग्रॅम असते. १ टक्का द्रावणाच्या १ मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम औषध असल्यामुळे काळीच्या वजनाला फार तर ०.०३ मिलिलिटर पुरत होते. एवढ्या थेंबभर औषधात चूक व्हायला वेळ लागत नाही, म्हणून मोठ्या जनावरांसाठीचे औषध घरी अंदाजाने देऊ नये, असे मला मनापासून सांगावेसे वाटते. औषधाने अंडी मरत नाहीत. ती फुटून बाहेर येणाऱ्या किड्यांसाठी दर १० दिवसांनी एक, अशी तीन इंजेक्शने ठरली. बदामीच्या अंगावर खपली नव्हती, तरी तिलाही तिन्ही इंजेक्शने घ्यावी लागली, कारण एकत्र राहणाऱ्या प्राण्यांपैकी एकालाच औषध दिले तर दुसऱ्याकडून किडे पुन्हा परततात.

डॉक्टरांनी विचारलेला एक प्रश्न मला फार लागला. क जीवनसत्त्व कसे देता, असे त्यांनी विचारले. गिनीपिगचे शरीर ते माणसाप्रमाणेच स्वतः बनवू शकत नाही आणि मी त्याचे थेंब पाण्याच्या बाटलीत टाकत होते, जिथे ते लवकर निकामी होते. हे माइट अंगावर असूनही पुष्कळ दिवस गप्प राहतात आणि प्राणी अशक्त झाला की डोके वर काढतात. त्या दिवसापासून मी ते थेंब मोजून थेट तोंडात देऊ लागले आणि रोज ढोबळी मिरचीही खायला घालू लागले.

पहिल्या इंजेक्शननंतर चार-पाच दिवस खाज कमी झाली नाही आणि मी घाबरले. डॉक्टरांनी वेदनाशामक दिले, नखे कापून घेतली आणि तिला शक्यतो उचलू नका, आंघोळ तर घालूच नका, असे बजावले. मी प्रत्येक इंजेक्शनच्या दिवशी पिंजऱ्यातले सगळे अंथरूण पिशवीत बांधून टाकून दिले, कापडी घरटी गरम पाण्यात धुतली आणि सांदीकोपऱ्यांत किडे राहतील म्हणून लाकडी बोगदा काढून टाकला. याच सुमारास माझ्या हातांवर, तिला धरताना जिथे ती टेकत असे तिथे, खाजरे लाल पुरळ उठले. हा माइट माणसाच्या कातडीत वाढत नाही, त्यामुळे तिची खरूज आटोक्यात येताच माझे पुरळही गेले.

दुसऱ्या इंजेक्शननंतर खपल्या आपोआप गळू लागल्या. तिसऱ्याच्या वेळी ती बरी दिसत होती आणि ते टाळण्याचा मोह मला झाला, पण आम्ही ठरल्या दिवशी गेलो. आठवड्यानंतर खांद्यांवर मखमलीसारखे काळे केस उगवले होते आणि काट्यावर आकडा ८१० होता. आता दर रविवारी मी दोघींचे वजन वहीत लिहिते आणि कानामागचे, खांद्यांवरचे, मांडीच्या आतले केस दिव्याखाली बाजूला करून थेट कातडीच पाहते.