आमची वाटचाल: झुंबा, बेली डान्स आणि पोटाची लाट

जुळे सोलापुरात आमचा लेडीज डान्स क्लास 2015 ला सुरू झाला तेव्हा बोर्डावर फक्त झुंबा आणि एरोबिक्स होतं. बेली डान्स मी पुण्यात शिकून आले होते, पण तो शब्द बोर्डावर टाकायची डेरिंग नव्हती, हॉलवाल्या काकांनी आधीच खिडक्यांना पडदे लावायची अट घातलेली. मग झुंबाच्या शेवटी थोडं थोडं शिकवायला लागले, बायकांना आवडलं, आणि त्यांच्यातलीच एक म्हणाली, अक्का ह्याची वेगळी बॅच काढा की.

घरी काय सांगायचं हा प्रश्न प्रत्येकीला. मी सरळ सांगते, इजिप्तमधे लग्नाकार्यात होणारा नाच आहे हा, 1926 ला कैरोत बदिया मसाबनी नावाच्या बाईने स्वतःचा क्लब काढला आणि तिथून तो स्टेजवर वाढला. बाईने स्वतः उभा केलेला धंदा म्हटल्यावर सासवांना पण जरा बरं वाटतं, का कोण जाणे.

कमरेच्या स्टेप पटकन येतात. गाडी अडते ती बेली रोलला, म्हणजे पोटावरून लाट गेल्यासारखी दिसते ती मूव्ह. कमर हलते, खांदे हलतात, पोट सोडून सगळं हलतं! दुसऱ्या महिन्यात ॲडमिशन गळायच्या त्या इथेच, त्यामुळे आता रोलसाठी रविवारी वेगळा तास घेतो, त्याची फी नाही.

त्यात आधी आरसा नाहीच. पाठीवर झोपायचं, गुडघे वर, एक तळवा बेंबीच्या वर आणि एक खाली, आणि चार गोष्टी सावकाश, वरचं बाहेर, खालचं बाहेर, वरचं आत, खालचं आत. सुरुवातीला चार वेगवेगळे धक्केच बसतात, बसू दे. खालचं पोट सापडतच नसेल तर बोटं तिथे ठेवून खोकायला लावते, जे टणक लागलं तेच आवळायचं. हे चार जोडून सलग झाले की मग उभं राहून, गुडघे किंचित सैल, पाठ भिंतीला, म्हणजे कमर डुलली की लगेच कळतं.

पण खरा घोळ श्वासाचा. कपालभाती केलेल्या बायकांना तर हे जास्तच जड जातं, कारण श्वास सोडला की पोट आत हे अंगात इतकं भिनलेलं असतं, आणि इथे पोट वेगळं आणि श्वास वेगळा चालवायचा असतो. "मॅडम, घ्यायचा का सोडायचा?" असं विचारणारी श्वास कोंडून लालेलाल झालेली असते. त्यावर आमचा उपाय म्हणजे रोल करताना मोठ्याने पाढा म्हणायचा, बे एके बे, बे दुणे चार. आवाज थांबला की समजायचं श्वास अडकला. बाहेरून येणाऱ्याला वाटतं शाळा भरलीय.

2020 च्या लॉकडाऊनमधे ऑनलाइन घेतलं तर ढगळ ड्रेसमधे कुणाचं पोटच दिसेना, मग पोटावर ओढणी घट्ट बांधायला लावली आणि फोन बाजूने ठेवायला. हॉलचं भाडं कसंबसं निघालं. कमरेला बांधायचे कॉइनचे हिप स्कार्फ आधी ऑनलाइन मागवायचो, दोन धुण्यात कॉइन गळायचे, आता पूर्व भागात युनिफॉर्म शिवणाऱ्या एक ताई शिवून देतात, कॉइन डबल दोऱ्याने, आणि बाहेरच्या क्लासवाल्या पण त्यांच्याकडून नेतात.

बोर्डावर आता बेली डान्स मोठ्या अक्षरात आहे, पडदे मात्र तसेच आहेत, ते बायकांनाच हवेत. उन्हाळ्यात बॅच सकाळी सहाची, नंतर पत्र्याखाली उभं राहवत नाही. येताना नाश्ता करून येऊ नका, भरल्या पोटी रोल होत नाही. आणि सिझेरियन झालेलं असेल किंवा डिलिव्हरीनंतर पोटाचे स्नायू मधून फाकलेत असं वाटत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, मग ॲडमिशनचं बोलू.