जनकगंजातला ‘स्मिथ’

आमच्या ग्वाल्हेर-भिंड-मुरैना पट्ट्यात शस्त्राचं लायसन्स ही हौसेपेक्षा इभ्रतीची वस्तू. कलेक्टरेटच्या शस्त्रशाखेत रांग नाही असा दिवस विरळा. निवडणुकीची आचारसंहिता लागली की हीच सगळी शस्त्रं ठाण्यात जमा होतात, मालखान्यात महिना-दोन महिने घाम खातात आणि परत आली की माझ्याकडे येतात. माझं काम दुरुस्तीचं. त्याच्या जोडीला, जुन्या शस्त्राचा सौदा ठरत असेल तर ते बघून लेखी अभिप्राय द्यायचा. विकणारा आणि घेणारा दोघंही आधी गोड बोलतात. अभिप्राय हातात पडल्यावर त्यातला एकच गोड राहतो.

ग्वाल्हेरच्या जनकगंजातल्या काकांचा फोन आला तेव्हा त्यांच्या जुन्या रिव्हॉल्व्हरचा सौदा जवळजवळ झालेलाच होता. काका माझ्या वडिलांचे स्नेही, मला लहानपणापासून ‘तू’ म्हणणारे. मुलं बंगळुरू आणि पुण्याला, दोघांनाही हत्याराची कटकट नको. नियमाप्रमाणे सत्तरी ओलांडलेल्या लायसन्सधारकाला शस्त्र वारसाच्या नावावर करता येतं, पण वारसच ‘नको’ म्हणाले तर काय करणार? तेव्हा विकायचं ठरलं. इंदूरच्या एका संग्राहकाने फोटो बघूनच होकार कळवला होता. औषधांचा ठोक व्यापारी माणूस, लायसन्सवर एका शस्त्राची जागा शिल्लक. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, त्यामुळे ती उरलेली जागा तो फार जपून वापरणार होता, आणि ते रास्तच आहे. फोटोत नळीवर ‘स्मिथ अँड वेसन’ या अमेरिकन कंपनीचं नाव लखलखत होतं. ठरलेला आकडा लाखांतला.

जुन्या रिव्हॉल्व्हरला इतके पैसे का मोजतात, असं बाहेरचे लोक विचारतात. सामान्य माणसासाठी परदेशी हातबंदुका आणणं १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बंदच आहे. त्याआधी देशात आलेली वेब्ली, स्मिथ, कोल्ट या इंग्रजी-अमेरिकन कंपन्यांची हत्यारं एवढाच साठा, तोच या हातातून त्या हातात फिरतो. अमेरिकेत .३२ च्या (हे बोरचं, म्हणजे नळीच्या व्यासाचं, इंचातलं माप) जुन्या स्मिथसाठी कोणी उडी मारत नाही. इथे तिच्यासाठी माणसं इंदूरहून गाडी काढतात. कानपूरचं सरकारी .३२ रिव्हॉल्व्हर मिळतं, २०१४ मध्ये तिथून ‘निर्भीक’ आलं ते १,२२,३६० रुपयांना, आणि आता वेब्लीच्या नावाचं नवं रिव्हॉल्व्हर उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यात बनतं. तरी जुन्या विलायती मालाची ओढ काही कमी होत नाही.

आणि .३२ च का, तर बाकीचं बरंचसं कायद्याने बाद आहे. ज्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८० किंवा .४५५ ची फौजी काडतुसं बसतात ते प्रोहिबिटेड बोर, म्हणजे सामान्य माणसाला बंदी असलेलं माप. आजोबांची पलटणीतली वेब्ली .४५५ ची निघाली, की ती कितीही देखणी असो, साध्या लायसन्सवर तिची खरेदी-विक्री होत नाही. ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या जुन्या घरांमधून असे बरेच हिरमुसलेले चेहरे मी पाहिलेत.

वाड्यात पोचलो तर इंदूरकर आधीच येऊन बसले होते. काकूंनी पोह्यांच्या बशा फिरवल्या आणि काकांनी हकिगत सुरू केली. त्यांच्या वडिलांना हे दरबारातून बक्षीस मिळालेलं, खुद्द महाराजांच्या हातून. मी मान डोलावत राहिलो. ग्वाल्हेरात जुनं हत्यार आणि बक्षिसाची गोष्ट यांची फारकत मी कधी पाहिलेली नाही. एका गृहस्थांनी तर मधोमध मोडून उघडणारी वेब्ली ‘झाशीच्या राणीच्या वेळची’ म्हणून माझ्यासमोर ठेवली होती. राणी इथे पडली १८५८ च्या जूनमध्ये, आणि वेब्लीचं असं रिव्हॉल्व्हर ब्रिटिश फौजेने पहिल्यांदा स्वीकारलं १८८७ साली. इंदूरकरांनीही आपली भर घातलीच, “ग्वाल्हेरचं पिस्तूल म्हटलं की १९४८ आठवतं हो.” बाहेरचा प्रत्येक माणूस हा विषय काढतो. गांधीजींवर झाडलेलं ते पिस्तूल इटालियन बेरेटा होतं, रिव्हॉल्व्हर नव्हतंच. पण एक गोष्ट त्यातली घेण्यासारखी आहे: खटल्याच्या कागदांत ते कंपनीच्या बढाईने नाही, ६०६८२४ या नंबराने ओळखलं गेलं. मीही सुरुवात नंबरापासूनच करतो.

काकांनी कपाट उघडून रिव्हॉल्व्हर आणलं. काडतुसांचं फिरतं सिलिंडर बाहेर काढून सहाही घरं रिकामी आहेत हे आधी मी पाहिलं, मग काकांना आणि इंदूरकरांना दाखवलं. हे झाल्याशिवाय मी पुढे बोलतच नाही. मग लायसन्सची पुस्तिका मागितली. जुनी, वडिलांच्या नावापासून चालत आलेली नोंद, कारकुनाच्या वळणदार हिंदीत: ‘रिवॉल्वर .३२ स्मिथ एंड वेसन’, पुढे नंबर. मुठीच्या तळाशी ठोकलेला नंबर आणि पुस्तिकेतला नंबर आकडान् आकडा जुळले. काका इंदूरकरांकडे पाहून हसले. सिलिंडरच्या घरात गेज घालून पाहिलं, ‘.३२ लाँग’ काडतुसाचंच माप. इथवर सगळं सुरळीत.

बोट अडकलं ते मुठीच्या पुढच्या कडेवर. अशा जुन्या स्मिथमध्ये घोड्याची कमान म्हणजे स्टीलची एक सपाट, लांब पट्टी असते. ती ताणून धरायला मुठीच्या पुढच्या बाजूला, खालच्या अंगाला एक छोटा स्क्रू असतो. मूठ हातात धरली की मधल्या बोटांच्या खाली तो लागतो. इतकी वर्षं काम केल्यावर तो डोळ्यांनी शोधावा लागत नाही. इथे बोटाखाली नुसतं गुळगुळीत लोखंड. स्क्रू पडला म्हणावं तर भोकही नाही.

काकांना म्हटलं, “मुठीची लाकडं काढू का?” ते म्हणाले, “काढ की, तुझंच काम आहे.” एक स्क्रू सोडवला, दोन्ही लाकडं बाजूला झाली. आत सपाट पट्टी नव्हतीच. दुमडलेली, इंग्रजी व्ही अक्षरासारखी कमान होती. ती कोल्टच्या पद्धतीची. म्हणजे बाहेरून अंगरखा स्मिथचा आणि आतलं यंत्र कोल्टच्या घराण्याचं. हा संकर अमेरिकेत स्मिथच्या स्प्रिंगफील्डमधल्या कारखान्यात कधीच होत नव्हता. तो होत होता स्पेनमध्ये.

मी काही बोललो नाही. भिंगातून नळी पाहिली. निकेल नंतर कधीतरी नव्याने चढवलेलं होतं, आणि त्याआधी कोणीतरी बफवर मनसोक्त घासलेलं. कडा गोलावलेल्या, स्क्रूच्या भोकांभोवती खळगे पडलेले. खऱ्या स्मिथच्या नळीवर कंपनीच्या नावासोबत स्प्रिंगफील्ड, मॅसॅच्युसेट्स हा पत्ता असतो, बाजूला फ्रेमवर एकात एक गुंतलेल्या अक्षरांची मुद्रा असते. इथे पत्ता कुठेच नाही, मुद्रेच्या जागी एक पुसट वर्तुळ. नळीवर मात्र ‘स्मिथ अँड वेसन’ ठळक. आणि त्या नावाच्या अलीकडे-पलीकडे निकेलखाली काहीतरी बुजलेलं.

काकूंना म्हटलं, “काकू, घरात खडू आहे का?” नातवंडं सुट्टीत येतात, त्यामुळे होता. खडू नळीवर आडवा फिरवला, वरचा चुरा बोटाने पुसला, खाचांमधला तेवढा राहिला. खिडकीशी नेऊन तिरप्या उजेडात धरलं. मोठ्या अक्षरांच्या आधी अगदी बारीक ‘फॉर .३२’ आणि नंतर तितक्याच बारीक ‘लाँग कार्ट्रिज’ उमटलं. म्हणजे अख्खा मजकूर होता ‘.३२ स्मिथ अँड वेसन लाँग काडतुसासाठी’. बनवणाऱ्याने काडतुसाचं नाव ठोकलं होतं, कंपनीचं नव्हे. फक्त ते अशा बेताने, की गिऱ्हाइकाच्या डोळ्यात तेवढी दोन नावं भरावीत. पुढे बफवाल्याने बारीक अक्षरं घासून उरलंसुरलं काम पूर्ण केलं.

इंदूरकरांच्या हातात भिंग दिलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि बशी खाली ठेवली.

एइबार हे स्पेनच्या बास्क भागातलं गाव. तिथे घरोघरी, गल्लोगल्ली बंदुकांचे कारखाने होते. अमेरिकन रिव्हॉल्व्हरच्या नकला करण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नसे. सगळा माल टाकाऊ होता असं मात्र मी कोणाला म्हणू देत नाही. पहिल्या महायुद्धात वेब्ली पुरेनात तेव्हा खुद्द ब्रिटिश सरकारने एइबारकडून .४५५ ची रिव्हॉल्व्हरं घेतली होती, फ्रेंचांनी तर ढिगाने. पण दर्जा कारखान्यागणिक बदलायचा. एखादं पन्नास वर्षं चालेल, एखाद्याचं लोखंड इतकं मऊ की सिलिंडर अडकवणाऱ्या खाचा वर्षभरात झिजाव्यात. १९३६ ला तिथे यादवी पेटली आणि नंतर हातबंदुका बनवायची मुभा दोन-तीन बड्या कंपन्यांपुरतीच उरली. तेव्हा काकांचा नग त्याआधीचा धरायला हरकत नाही.

हा कोणत्या जातीचा होता, ते पाहायला घोडा सावकाश, अंगठ्याने धरून मागे ओढला. सिलिंडर फिरून आपल्या जागी अडकल्याचा बारीक ‘टक्’ घोडा पूर्ण मागे जायच्या आत ऐकू यायला हवा. सहापैकी दोन घरांवर घोडा मागे गेला तरी सिलिंडर किंचित अलीकडेच थांबत होतं. बोटाने ढकललं की मग बसायचं. याचा अर्थ गोळी उडेल तेव्हा घर आणि नळी एका रेषेत नसतील आणि शिशाचा कपचा बाजूने उडेल, चालवणाऱ्याच्या शेजारी उभ्या माणसाच्या गालावरसुद्धा. नळी आणि सिलिंडरमधली फट फीलर गेजने मोजली. साधारण सहा हजारांश इंच असावी, इथे त्याच्या दुप्पट निघाली. नळीच्या आतले आटे मात्र बऱ्यापैकी होते, तळाशी थोडी खवल.

इंदूरकर शांतपणे म्हणाले, “मला स्मिथ हवं होतं.” रागावले नाहीत, घासाघीसही केली नाही. हा माणूस मला त्यासाठी आवडला. एरवी असे लोक लगेच निम्म्या किमतीवर येतात आणि पुढच्या गिऱ्हाइकाला तेच ‘स्मिथ’ म्हणून खपवतात.

काका मात्र तापले. “म्हणजे आमच्या वडिलांना महाराजांनी नकली दिलं?” मी म्हटलं, “काका, नकली नाही. .३२ चं खरं रिव्हॉल्व्हर आहे, स्पेनमध्ये बनलेलं. कुणी दिलं ते मी लोखंडावरून सांगू शकत नाही.” ते म्हणाले, “सरकारी पुस्तिकेत लिहिलंय! साठ वर्षं प्रत्येक नूतनीकरणाला साहेबांनी सही केलीये.” त्यावर काकू आतून म्हणाल्या, “सही करणाऱ्यांनी भिंग लावलं होतं का?” मग काकांना एकदम सुचलं की बफ कोणी मारलं असेल. त्यांच्या धाकट्या भावाच्या लग्नात मिरवायचं म्हणून ते चकचकीत करून आणलं होतं, असं त्यांना आठवलं. पुढचा सगळा राग त्या बिचाऱ्या दिवंगत भावाकडे वळला आणि मला चहा मिळाला.

खरं काम कागदाचं होतं. पुस्तिकेतलं वर्णन एक आणि हातातलं शस्त्र दुसरं, ही गोष्ट आज ना उद्या कोणाच्या तरी लक्षात येतेच, आणि मग पहिला संशय शस्त्र बदलल्याचा घेतला जातो. असली स्मिथ बाहेर विकली आणि तिच्या जागी हे ठेवलं, असं कोणी म्हटलं तर काका काय उत्तर देणार? त्यांच्या बाजूने एकच भक्कम गोष्ट होती, नंबर. तो मुठीवर मूळ ठोक्याचा होता, खोडून पुन्हा मारलेला नव्हता, आणि पुस्तिकेतल्या सगळ्यात जुन्या नोंदीशी जुळत होता. म्हणजे पहिल्या कारकुनाने नळीवर जे डोळ्यांना दिसलं ते उतरवलं, इतकंच. मी काकांना सांगितलं, वर्णन दुरुस्त करून घ्यायचा अर्ज कलेक्टरेटला द्या, सोबत माझा अभिप्राय लावा. कुणाला विकायचं असेल तर त्यानंतर. घेणाऱ्याचं नाव-पत्ता लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं, त्या कागदावर ‘स्मिथ’ लिहू नका.

अभिप्राय मी तिथेच बसून लिहिला. बोर .३२ लाँग. बनावट स्पेनची, कारखान्याची खूण घासून गेलेली. स्मिथ अँड वेसन कंपनीचं उत्पादन नाही. नंबर मूळ, लायसन्सशी जुळणारा. निकेल नंतरचं. सिलिंडरचा मेळ दोन घरांवर चुकतो, दुरुस्तीशिवाय चालवू नये.

शेवटच्या ओळीवर काका अडले. त्यांना तिथे ‘चालू स्थितीत’ हवं होतं, कारण बंद हत्याराला कोण विचारणार? मी लिहिलं नाही. बरीच हुज्जत झाली. अखेर ‘दुरुस्तीयोग्य’ एवढा एक शब्द वाढवला, तो खरा होता म्हणून. अर्ज काकांनी दिला. शस्त्रशाखेतला बाबू म्हणाला, “इतने साल से यही लिखा है दादा, अब क्या दिक्कत है?” तरी त्याने तो आवक करून घेतला. दुरुस्तीला रिव्हॉल्व्हर माझ्याकडे आणायचं ठरलंय, पण त्याआधी निकेल आणखी एकदा चढवून मिळेल का, असं काकांनी विचारलंय. मी नाही म्हटलंय.