तुम्ही विचारलंत म्हणून: कुंपणावरची कळलावी

चतुर्थीला आमच्या डिचोलीच्या घरी येणारे कोणी ना कोणी विचारतेच, की इतकी विषारी वेल दारात कशाला ठेवली आहे. माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या फळाफुलांच्या चौकटीला, फुले लागतात म्हणून, असे मी आजवर सांगत आलो. ते उत्तर अपुरे आहे.

तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन नावाचे विष असते आणि ते शिजवूनही नष्ट होत नाही, हे मला ठाऊक आहे. एका मार्गशीर्षात गड्याने कुंपणालगतची काटेकणगी, म्हणजे उकडून खायचे कंद, खणून आणली. पावसाळा सरला की कळलावी पार वाळून जाते, त्यामुळे जमिनीवर तिची खूणही उरली नव्हती. खाली कंद मात्र जिवंत होते. वहिनींनी टोपलीतले सारे धुऊन उकडायला काढले, तेव्हा आईचा हात दुबेळक्यासारख्या फाटलेल्या एका कंदावर थांबला. “ही कणगी नव्हे,” एवढेच ती म्हणाली आणि तिने सगळे टोप अंगणापलीकडे नेऊन रिकामे केले. भाऊ त्याच संध्याकाळी कुदळ घेऊन निघाला. मी त्याला अडवले. “तुम्हाला फुले हवीत की पोरे?” असे वहिनींनी सर्वांदेखत विचारले, आणि त्या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

तेव्हा मी म्हणालो होतो, की कंदाच्या दोन्ही फाट्यांच्या टोकाला कोंब असतो, एखादा तुकडा मातीत राहिला तरी वेल पुन्हा उगवेल आणि तेव्हा ती कुठे आहे हे कोणाला ठाऊक नसेल. हा युक्तिवाद खोटा नाही. पण अडवले ते त्यासाठी नव्हे. मृगाच्या पावसात वर येणारा तो कोवळा कोंब पानांच्या टोकांचेच ताणे करून कुंपण चढतो, हिरवट पिवळी पाकळी उलटी वळून दिवसागणिक लाल होत जाते, आणि परागकण आपल्याच फुलात सहज पडू नयेत म्हणून कुक्षिवृंत, म्हणजे पराग झेलणाऱ्या कुक्षीचा दांडा, काटकोनात बाहेर वळतो. हे दरवर्षी पाहिलेल्या माणसाला कुदळ उचलवत नाही.

काटेकणगी आता आम्ही घरामागे लावतो आणि कळलावीच्या जागेभोवती चिरे रचले आहेत. वहिनींना ते पुरेसे वाटत नाही. भावाची नातवंडे आता रांगू लागली आहेत, तेव्हा त्यांचे म्हणणे मला खोडून काढता येत नाही. तरी यंदाही मी कंद काढणार नाही.