लेमूर बेडकांची अंडी: माझे वाया गेलेले चार महिने

'पाऊस पाडा, अंडी देतील.' ज्याला विचारावं तो हेच सांगायचा. या एका सल्ल्यापायी माझे चार महिने गेले आणि त्याचा राग अजून उतरलेला नाही.

लेमूर लीफ फ्रॉग हा मुख्यतः कोस्टा रिका आणि पनामाच्या जंगलांतला. दिवसा पानाला चिकटून हिरवागार झोपतो, रात्री तपकिरी होऊन एकेक पाय जपून टाकत चालतो. कायट्रिड बुरशीने त्याची तिथे वाताहत केली आणि आता तो अतिसंकटग्रस्त आहे. म्हणून एक हंगाम फुकट गेला तरी जीवाला लागतं.

माझ्याकडे आणलेल्या बेडकांचं विलगीकरण नीट पार पडलं. तीन नर, दोन माद्या, सगळे खाऊनपिऊन ठणठणीत. अडलं ते पावसाच्या पेटीत. वर भोकं पाडलेला पाइप, खाली चार बोटं पाणी, त्यावर झुकलेली रुंद पानं. पंप सुरू केला आणि पहिल्याच रात्री नर 'टिक्, टिक्' करू लागले. माद्या मात्र कोपऱ्यात ढिम्म. पाणी थोडं गार करून पाहिलं, झाडं बदलली, रात्रभर पाऊस ठेवला. टॉर्चला लाल कागद लावून मी पहाटेपर्यंत बसायचो. एकदा एक नर मादीच्या पाठीवर चढला, तीन तास बसला आणि उतरला. पान कोरडंच.

शेवटी माद्यांच्या कुशी नीट पाहिल्या. सपाट होत्या. पोटात अंडीच नव्हती, मग पावसाने काय होणार? शिवाय मी त्यांना बारा महिने ओलंचिंब ठेवलं होतं, त्यांना पाऊस नवा कुठे होता!

पंप बंद केला. सहा आठवडे फवारणी अगदी कमी, पाण्याचं भांडं मात्र कायम भरलेलं. रातकिड्यांना गाजर खाऊ घालून मग ते बेडकांना द्यायला लागलो. लाल डोळ्यांच्या वृक्षबेडकांवरच्या प्रयोगात कॅरोटिनॉइड (गाजराला केशरी रंग देणारी द्रव्यं) मिळालेल्या माद्यांनी जास्त वेळा अंडी घातली होती, हे मी आधी वाचायला हवं होतं. कुशी फुगल्यावरच पाऊस सुरू केला.

तिसऱ्या रात्री पानावर जेलीचा थेंब लोंबत होता. आत वीसेक फिकट दाणे. मी पंपाला हात लावायलाही घाबरलो.

हो, पाण्याचं राहिलंच: नळाच्या पाण्यात क्लोरामाइन (जंतू मारायला घातलेलं क्लोरीनचं संयुग) असेल तर ते रात्रभर उघडं ठेवून जात नाही, त्यासाठी औषधच घालावं लागतं. आणि टॅडपोलना, म्हणजे पाण्यातल्या शेपटीवाल्या पिल्लांना, पुढचे पाय फुटले की पाणी उथळ करून उतार द्या, नाहीतर शेपटी जिरण्याआधीच पिल्लं बुडतात. काहींचे पुढचे पाय काडीसारखे राहतात, ती उभीच राहू शकत नाहीत. माझी दोन तशीच गेली.

अकरा वर आली. पहिलं काचेवर चढलं तेव्हा शेपटीचा काळा ठिपका अजून मागे होता.