न जळलेल्या कोळशाचा हिशेब

मोठ्या सौर प्रकल्पाची बातमी वाचताना मेगावॉटचा आकडा सर्वांत आधी डोळ्यांत भरतो आणि बहुतेक वेळा वाचन तिथेच थांबते. माझेही अनेक वर्षे असेच होत असे. मात्र हवामानबदलाच्या दृष्टीने पाहू लागल्यापासून हा आकडा मला अपुरा वाटू लागला आहे. मेगावॉट हे प्रकल्पाच्या कमाल क्षमतेचे माप आहे. वातावरणाला फरक पडतो तो त्या प्रकल्पामुळे कुठेतरी जाळायचा राहून गेलेल्या कोळशाने.

हिशेब तसा अवघड नाही. १ मेगावॉटचा प्रकल्प वर्षाचे सर्व ८,७६० तास पूर्ण ताकदीने चालला असता, तर ८७ लाख ६० हजार युनिट वीज मिळाली असती. रात्र, ढग, धूळ आणि कलते ऊन जमेस धरता, चांगल्या उन्हाच्या प्रदेशात त्यातली साधारण एक पंचमांश, म्हणजे साडेसतरा लाख युनिट वीज हाती लागते. (पॅनेल तापले की त्याची शक्ती दर अंश सेल्सिअसमागे साधारण ०.३ ते ०.४ टक्के घटते, त्यामुळे जितका कडक उन्हाळा तितकी जास्त वीज, हा समज अर्धाच खरा आहे.) संयुक्त राष्ट्रांच्या आयपीसीसी या समितीने २०१४ च्या अहवालात उभारणीपासून मोडीपर्यंतचे सगळे उत्सर्जन धरून दिलेले मध्यवर्ती आकडे असे आहेत: कोळशाच्या विजेसाठी दर युनिटमागे कार्बन डायऑक्साइडच्या हिशेबात ८२० ग्रॅम, तर मोठ्या सौर प्रकल्पाच्या विजेसाठी ४८ ग्रॅम. पॅनेल बनवताना एवढा कार्बन जातो की उपयोग शून्य, असे म्हणणाऱ्यांना एवढे उत्तर पुरेसे आहे. या दोन आकड्यांतील फरक धरला, तर आपल्या १ मेगावॉटमुळे वर्षाला साडेतेराशे टनांच्या आसपास उत्सर्जन टळते.

हे टळणे मात्र कागदावरचे आहे. त्यात असे गृहीत धरले आहे की सौर विजेचे प्रत्येक युनिट कोळशाच्या एका युनिटला बाजूला सारते, आणि ग्रिडचा, म्हणजे वीज सर्वत्र पोहोचवणाऱ्या जाळ्याचा, कारभार इतका सरळ चालत नाही. कोळशावर वीज बनवणारा संच दिव्यासारखा बटण दाबून बंद करता येत नाही. थंड पडलेला बॉयलर पुन्हा तापवून वाफेचा दाब पूर्ववत आणायला कित्येक तास लागतात, आणि वारंवार तापण्या-थंडावण्याने नळ्यांना तडे जाण्याचा धोका वाढतो. म्हणून दुपारी सौर वीज भरपूर असली, तरी संध्याकाळी लागणार असलेले संच दिवसभर कमी भारावर चालू ठेवावे लागतात. कमी भारावर त्यांची कार्यक्षमता घसरते, म्हणजेच तेवढ्याच एका युनिटसाठी अधिक कोळसा लागतो. संच आणखी खाली आणता येत नसतील आणि वीज घेणारे कोणी नसेल, तर शेवटी सौर प्रकल्पालाच उत्पादन कमी करायला सांगितले जाते. स्वच्छ वीज तयार होऊ शकत असताना ती घ्यायची नाही आणि शेजारी कोळसा जळत ठेवायचा, ही गोष्ट ऐकायला विचित्र वाटते. पण साठवण आणि पारेषण वाहिन्या यांच्यापेक्षा पॅनेल वेगाने वाढली की नेमके हेच घडते.

कॅलिफोर्नियाच्या ग्रिड चालकांनी २०१३ मध्ये या अडचणीचा एक आलेख मांडला होता. एकूण मागणीतून सौर आणि पवन वीज वजा केली असता दुपारी पोट खाली आलेली आणि सूर्यास्तानंतर मान ताठ वर नेणारी रेषा दिसते, म्हणून तिला बदकाचे नाव पडले. त्याच कॅलिफोर्नियात एप्रिल २०२४ मध्ये संध्याकाळच्या काही काळासाठी बॅटऱ्या हा ग्रिडला वीज देणारा सर्वांत मोठा स्रोत ठरल्या. मला ही घटना कोणत्याही नव्या सौर उद्यानाच्या उद्घाटनापेक्षा महत्त्वाची वाटते, कारण दुपारचे ऊन संध्याकाळी सातला वापरता आले तरच संध्याकाळसाठी राखून ठेवलेला संच विझवता येतो. अर्थात या बॅटऱ्या पूर्ण ताकदीने साधारणतः चार तासच वीज देऊ शकतात. सलग आठवडाभर ढगाळ हवा राहिली, तर त्यांचा आधार पुरत नाही. तिथे जलविद्युत, उंचावर पाणी चढवून ठेवणारे प्रकल्प, वारा, अणुवीज किंवा दूरवरून आणलेली वीज लागते.

कार्यक्षम म्हणता येईल असा पहिला सिलिकॉनचा सौर घट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने १९५४ मध्ये दाखवला. तो पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे ६ टक्केच ऊर्जेची वीज करीत असे. जगाची एकूण सौर क्षमता १,००० गिगावॉटपर्यंत पोहोचायला २०२२ साल उजाडले, आणि त्यापुढे अवघ्या दोन-तीन वर्षांत ती जवळपास दुप्पट झाली. इतका वेग पाहून आनंद व्हायला हवा, आणि होतोही. पण याच काळात कोळशाचा जागतिक वापर वाढत राहिला आणि २०२४ मध्ये तो उच्चांकावर होता. सौर वीज नसती तर तो आणखी वाढला असता, हे खरेच आहे. तरीही जुन्या इंधनात नव्या विजेची भर पडणे वेगळे आणि तिने जुन्याची जागा घेणे वेगळे. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण इथे फार कठोरपणे लागू पडते: हवेत गेलेल्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शतकानुशतके टिकतो, त्यामुळे उत्सर्जनाची वाढ मंदावली तरी साठा वाढतच जातो. हवाई बेटावरील मौना लोआ येथे १९५८ मध्ये मोजणी सुरू झाली तेव्हा हवेच्या दर दहा लाख भागांत हा वायू सुमारे ३१५ भाग होता. आता तो ४२० च्या पुढे गेला आहे.

शिवाय हे सगळे विजेपुरते झाले. जगाच्या अंतिम ऊर्जावापरात विजेचा वाटा साधारण एक पंचमांश आहे. सिमेंटचे उदाहरण तर आणखी अडचणीचे आहे, कारण त्यातले निम्म्याहून अधिक उत्सर्जन इंधनातून नव्हे, तर भट्टीत चुनखडी फुटताना तिच्यातूनच होते. ती भट्टी उद्या संपूर्ण सौर विजेवर चालवली, तरी तेवढा वायू बाहेर पडणारच.

भर आणि बदल यांतला फरक पाहायचा तर ब्रिटनकडे पाहावे. १८८२ मध्ये लंडनमधील हॉलबॉर्न व्हायाडक्ट येथे कोळशावर चालणारे सार्वजनिक वीजकेंद्र सुरू झाले, आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजी रॅटक्लिफ-ऑन-सोर येथील त्या देशाचे शेवटचे कोळसा वीजकेंद्र बंद झाले. २०१२ मध्ये तिथली सुमारे ४० टक्के वीज कोळशाची होती. या बदलात सौर विजेचा वाटा लहानच होता. बरेचसे काम समुद्रातील पवनचक्क्यांनी केले, काही नैसर्गिक वायूने केले, आणि २०१३ पासून उत्सर्जनाच्या दर टनावर ठरवून दिलेल्या किमान किमतीने कोळसा जाळणेच महाग करून टाकले.