फिनाले लिगुरेत चार दिवस: एअर शॉक आणि कॉइल शॉक

म्युनिकहून निघताना गाडीत माउंटन सायकल एकच होती, पण मागच्या चाकाचे शॉक (धक्के शोषणारा भाग) दोन होते: एक एअर (हवेच्या दाबाचा), एक कॉइल (धातूच्या स्प्रिंगचा). दोन्ही 230×65 मिमीचे (लांबी 230, दाबला जातो तो 65), सायकल 160 मिमी ट्रॅव्हलची, म्हणजे मागचं चाक तेवढं वर-खाली हलतं. इटलीतलं फिनाले लिगुरे निवडलं ते उताराच्या लांबीसाठी. शटल व्हॅन तुम्हाला सुमारे 1000 मीटरवरच्या जुन्या नाटो तळाशी सोडते आणि तिथून ट्रेल धरत पार समुद्राजवळ उतरता येतं.

पहिले दोन दिवस एअर शॉक. सकाळच्या गारव्यात 180 पीएसआय दाबाची हवा भरली, सॅग (सायकलवर बसल्यावर शॉक जेवढा दबतो तो) 29 टक्के आला. वरच्या बीच वृक्षांच्या जंगलात, मऊ मातीवर, सायकल हलकी आणि खेळकर वाटत होती. खाली चुनखडीचे दगड सुरू झाले आणि चौथ्या फेरीपर्यंत मागचं चाक उसळ्या मारू लागलं. शॉकला हात लावला तर चांगलाच तापलेला. शॉकमधली हवा 20 अंशांवरून 60 अंशांवर गेली तर आतला दाब साधारण 14 टक्क्यांनी वाढतो. शिवाय तेल पातळ होऊन रिबाउंड (दबलेला शॉक परत उघडण्याचा वेग) जलद होतो. रिबाउंडची खुंटी दोन क्लिक हळू केल्यावर चाक ताळ्यावर आलं. दुपारी हे करायला विसरू नका.

तिसऱ्या दिवशी कॉइल बसवला. कॅल्क्युलेटरने सांगितलेली 450 ची स्प्रिंग (आकडा मोठा तेवढी ती कडक) लावली, तर सॅग जेमतेम 17 मिमी, म्हणजे 26 टक्के. खडकांवर हाडं खिळखिळी झाली. सोबत 400 ची स्प्रिंग नेली होती म्हणून निभावलं: सॅग 19 मिमी, म्हणजे 29 टक्के. मग ले मानिएच्या पठारावरून वारिगोत्तीकडे उतरणाऱ्या डीएच मेन या ट्रेलवर जे जाणवलं त्यासाठीच एवढा खटाटोप केला होता. सुट्या दगडांवर ब्रेक दाबूनही चाक जमीन सोडत नव्हतं, आणि संध्याकाळची शेवटची फेरी पहिल्या फेरीसारखीच गेली. पठारावर पेडल मारताना मात्र सायकल झुलते, आणि जवळपास अर्धा किलो वजन वाढतं. एका ड्रॉपवर, म्हणजे कड्यावरून सपाट जागी मारलेल्या उडीत, शॉकने तळ गाठला, तोही दणकून. तुमच्या सायकलचं लिंकेज (चाक आणि शॉक जोडणारे दांडे) पुरेसं प्रोग्रेसिव्ह, म्हणजे दबत जाताना कडक होत जाणारं, नसेल, तर कॉइलच्या वाटेला जाऊ नका.

सॅग मोजायचा तो पाणी, पॅड, बॅग, सगळं अंगावर चढवून. कॉइलवर ओ-रिंग (शॉक किती दबला ते दाखवणारं रबरी कडं) नसेल तर शॉकच्या दोन्ही बोल्टांमधलं अंतर टेपने मोजा. मित्राला हाताशी घ्या, एकट्याने जमत नाही. सॅग जास्त येतोय म्हणून प्रीलोड (स्प्रिंग आधीच दाबून ठेवणारं कडं) पिळत बसू नका. दोन आट्यांहून जास्त लागला तर स्प्रिंगच चुकीची आहे. एअर शॉकला पंप जोडताच दाबाचा काटा थोडा खाली दिसतो, कारण थोडी हवा नळीत जाते. ती गळती नव्हे. मी पहिल्या दिवशी यातच अर्धा तास घालवला.

मी पुन्हा जाईन ते कॉइल घेऊनच. पण तुमच्या दिवसात चढ जास्त आणि शटल कमी असेल, तर एअरच ठेवा. बोल्टांची बुशिंग (बोल्ट बसतो ती नळी) दोन्ही शॉकची वेगळी निघू शकतात, ती घरीच बसवून बघा.