तात्याला कोण घेतं का बघा

परवा दुपारी जरा आडवा झालो होतो तर मागच्या अंगणातनं खर्रर्र खर्रर्र आवाज. बघतो तर तात्या प्लास्टिकची खुर्ची ढकलत ढकलत पार तुळशीपर्यंत घेऊन गेलेला. खुर्चीवर ताटात आईचे सांडगे वाळत होते, त्यातला एक पण सांडला नव्हता.

तात्या म्हणजे आमचं कासव. सुलकाटा, मूळचं आफ्रिकेतलं. धाकट्यानं कॉलेजात असताना आणलं तेव्हा तळहातावर मावायचं आणि दुकानदार म्हणालेला, फार वाढत नाही. जमिनीवरच्या कासवांच्यात जगात तिसऱ्या नंबरची मोठी जात आहे ही, पन्नास किलोच्या वर जाते! आता धाकटा पुण्यात चौथ्या मजल्यावर, इकडे सांगलीत विश्रामबागचा बंगला पाडून अपार्टमेंट होतंय, त्यामुळं तात्यासाठी स्थळ बघायचं माझ्या गळ्यात.

सल्ले तर काय विचारू नका. निम्मी सांगली म्हणते कृष्णेत सोड की. अरे ते जमिनीवरचं कासव आहे, पोहता येत नाही त्याला, बुडून मरंल. आणि हे सांगणाऱ्यांच्या हॉलमधे काचेच्या वाटीत पितळी कासव असतंच, तोंड उत्तरेला करून. ते चालतं, लेंड्या टाकत नाही ना.

आजोळी विहिरीत कासव होतं. उन्हाळ्यात गाळ काढताना ते पाटीतनं वर यायचं, आम्ही पोरं काडीनं डिवचायचो, मग आज्जा एक शिवी हासडायचा आणि त्याला घमेल्यात पाण्यात ठेवायचा, गाळ निघाला की परत विहिरीत. धाकट्या मावशीला बघायला पाहुणे आले तर आज्जानं त्यांना आधी विहिरीवर नेऊन कासव दाखवलं, मग मुलगी. लग्न जमलं हे विशेष.

तासगावचा एक मित्र तयार झालेला, द्राक्षबागेत सोडतो म्हणाला. पण बागेत सारखी फवारणी, हा दिवसभर खालचं गवत खाणार, वर बिळं खोदायची खोड. मीच नको म्हणालो, तर तो अजून फुगून बसलाय. त्यात 2024 च्या नियमांनी असल्या विदेशी प्राण्यांची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते, दुसऱ्याला दिला तरी कळवावं लागतं, हे सांगितलं की उरलेली स्थळं पण गळतात. एकजण तर म्हणाला, ह्यापेक्षा चांदण्यांचं कासव बघ, मी घेतो. म्हटलं बाबा रे, आपल्याकडचं ते कासव घरात ठेवणं गुन्हा आहे, थेट आत जाशील.

जास्वंदीवर तात्याचा भारी जीव. आई पूजेची फुलं देत नाही, बाबा चोरून देतात. आज देता देता म्हणाले, "ही सत्तर-सत्तर वर्षं जगतात म्हणं. घेणाऱ्याचं वय बघून दे रे. माझ्यासारखा म्हातारा नको."

तर तिशीतलं, अंगणवालं, पक्क्या कंपाउंडचं कोण असलं तर सांगा. जास्वंद असली तर उत्तमच.